खड्डे बुजवण्याचा कार्यक्रम

उकंडा सोळंके पहिल्याच खड्ड्यात बसला होता आणि उठायला तयार नव्हता.

खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. सत्तरी ओलांडलेला काटकुळा माणूस गुडघे छातीशी घेऊन त्यात बसला की वर मुंडासं, पांढऱ्या मिशा आणि विडी धरलेला हात एवढंच उरतं. खड्ड्याभोवती सरपंच ज्योत्स्नाताई ढोरे, पंचायतीचा शिपाई आणि दोन मजूर उभे होते. ज्योत्स्नाताईंनीच फोन करून मला माळावर बोलावून घेतलं होतं. मला पाहताच त्या म्हणाल्या, "घ्या. तुमच्या वडिलांचे दोस्त. दुपारपासून हेच चाललंय. सरपंच म्हणून सांगून पाहिलं, गावची लेक आणि सून म्हणून पाया पडून पाहिलं. ऐकतच नाहीत."

"पाया कशाले पडतं," उकंडाकाका खालून म्हणाला. "पाय त खड्ड्यात हायेत माहे."

मजूर हसले. मी खड्ड्याच्या कडेला उकिडवी बसले. काकाने माझ्याकडे पाहिलं आणि विडी मातीत विझवली. बाबा गेले तेव्हा तो गावात नव्हता. धाकटी मुलगी आजारी म्हणून खामगावला गेला होता, तिथेच त्याला पाच महिने राहावं लागलं. आदल्या दिवशी परतला आणि बेड्यावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, सामान टाकून सवयीने माळावर आला, तर माळाला देवी आल्यासारखे खड्डे.

"मास्तर गेला तवा मी नव्हतो, वैजू," तो म्हणाला. त्याने हात वर करून माझ्या डोक्यावर ठेवायचा प्रयत्न केला. तो पोचेना, म्हणून मी आणखी वाकले. खड्ड्यातल्या माणसाकडून सांत्वन करून घेण्याची ती माझी पहिलीच वेळ. डोक्यावरून हात काढताच तो म्हणाला, "आता हे खड्डे बुजव."

ते दोनशे खड्डे माझ्यामुळे खणले गेले होते.

माझे वडील, विश्वंभर खोडके, हिवऱ्याच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवत होते. गावात त्यांचं दुसरं नाव झाडवाले गुरुजी. मी नऊ वर्षांची असताना, चौऱ्याऐंशी साली, त्यांनी शाळेतल्या मुलांना घेऊन नाल्याच्या पूर्वेकडच्या माळावर चारशे सुबाभळी लावल्या. त्याबद्दल त्यांना शाल, पितळी पाटी आणि वर्तमानपत्रात नखाएवढा फोटो मिळाला. त्यातलं एक रोप मी लावलं होतं. ते नेमकं कोणतं हे मी पुढे कित्येक वर्षं दाखवत असे, आणि दर वेळी वेगळं झाड दाखवत असे.

चैत्रात बाबा गेले. शेवटच्या आठवड्यात दवाखान्याच्या खाटेवरून ते पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "वैजू, माळाकडे कोणीतरी बघत जा." मी हो म्हणत होते, पण त्यांचं समाधान होत नव्हतं. अमरावतीला परतल्यावर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवताना ते वाक्य कानात राहिलं. माळाकडे बघायचं म्हणजे काय करायचं, याचं मला एकच उत्तर सुचलं. नाल्याच्या पश्चिमेकडचा माळ अजून उघडा होता. तिथे त्यांच्या नावाने झाडं लावायची. मी ज्योत्स्नाताईंना पत्र लिहिलं. त्या बाबांच्याच विद्यार्थिनी. ग्रामसभेत पंधरा मिनिटांत ठराव झाला, ई-क्लासची ती गायरान जमीन स्मृतिवनाला मिळाली. श्रावणात बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस येत होता, तोच दिवस धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला रोपांची ट्रॉली, शाळेची सत्तर मुलं आणि निम्मं गाव माळावर येणार होतं. कडुनिंब, करंज, गुलमोहर. यादी मी स्वतः केली होती. घरी, वर्गात, खाटेवर, कुठेच आता बाबा नव्हते; कुठेतरी त्यांच्या नावाने काहीतरी उभं असावं, त्याला फांद्या फुटाव्यात, त्याखाली कोणी बसावं, एवढंच मला हवं होतं. साडेचार महिने मी त्या एका दिवसाच्या आधाराने काढले होते.

आणि बाबांचा सगळ्यात जुना मित्र म्हणत होता, बुजव.

मी कारण विचारलं. तो म्हणाला, इथल्या गवतात पावसाळ्यात तणमोर पक्षी येतो, झाडं लावली की येणार नाही. ज्योत्स्नाताई म्हणाल्या की त्यांनी जन्मात तणमोर पाहिलेला नाही. काका म्हणाला, तणमोरानंही सरपंच पाहिला नसंन, म्हणून सरपंच नाई असं थोडीच हाय.

उकंडाकाका फासेपारधी. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या पक्षी धरायचा धंदा. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास, ते गवतात कसे मांडायचे, कोणत्या पक्ष्याच्या पायाची पकड कुठे बसते, हे सगळं त्याला आठव्या वर्षी येत होतं. श्रावण-भादव्यात फासात मादी आली तर सोडून द्यायची, हा त्यांच्या बेड्याचा जुना नेम. पुढे त्याने फास सोडले आणि बाबांना पक्षी दाखवू लागला. बाबांच्या निम्म्या पक्षिज्ञानाचा उगम त्याच्यात होता, हे बाबाच सांगत. पण गेल्या काही वर्षांत बाबांनी तणमोराचा विषय काढल्याचं मला आठवत नव्हतं.

तसं मी काकाला म्हटलं. वर हेही म्हटलं की उद्या सकाळी आठच्या आत तणमोर दिसला तर मी स्वतः कार्यक्रम थांबवीन. नाही दिसला तर त्याने पहिलं रोप आपल्या हाताने लावायचं.

"मी दाखवत नसतो," तो म्हणाला. "तो दिसला त दिसला. पण सहाच्या आत ये. अन् मास्तरची वही आण."

एवढं बोलून तो उठायला गेला, तर गुडघे धरले. दोन्ही मजुरांनी काखेत हात घालून त्याला बाहेर काढलं. बाहेर आल्यावर त्याने धोतर झटकलं आणि खड्ड्याकडे पाहून म्हणाला, माणसाले पुरायलेही लहान केला.

घरी आल्यावर मी वही काढली. खाकी कव्हरची, रेघांची, शाळेतल्या हजेरीच्या वहीएवढी. ती मी अमरावतीला नेली होती आणि परत आणली होती, पण नीट वाचली नव्हती. अक्षर दिसलं की मिटून ठेवत असे. त्या संध्याकाळी पहिल्यांदा सलग वाचली.

बाबांनी प्रत्येक पान मधोमध रेघ मारून दुभागलं होतं. डावीकडे माळढोक, उजवीकडे तणमोर. सुरुवातीची पानं म्हणजे एखाद्या तुलनेच्या प्रश्नाचं उत्तर, आणि तेही पैकीच्या पैकी गुण मिळतील असं. माळढोक मीटरभर उंच, नराचं वजन दहा-बारा किलो, कधी त्याहून जास्त. उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याएवढे वजनदार फार थोडे. तणमोर कोंबडीएवढा, अर्धा किलो, फार तर पाऊण. माळढोकात नर मोठा, मादी लहान. तणमोरात उलट. माळढोक मादीला बोलवायला गळ्याची पिशवी फुगवतो आणि घुमतो, तो आवाज अर्धा कोस जातो. तणमोर गवतातून उडी मारतो. माळढोक एकच अंडं घालतो, तणमोर तीन-चार. दोघंही घरटं बांधत नाहीत, अंडी उघड्या जमिनीवर. मध्येच एक ओळ होती: "उकंडा म्हणतो, माळढोक पाटलासारखा चालतो आणि तणमोर कामावर उशीर झालेल्या गड्यासारखा. तपासून पाहिले. बरोबर आहे."

मी मोठ्याने हसले. घरात कोणी नव्हतं.

पुढे नुसत्या नोंदी. तारीख, वेळ, किती दिसले. डावा रकाना हळूहळू विरळ होत गेला. अठ्ठ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये तिथे शेवटची नोंद होती: "एक मादी. उडून पश्चिमेला गेली." तिच्याखाली बाबांनी पट्टी लावून रेघ मारली होती. पुढच्या सगळ्या पानांवर डावी बाजू कोरी. उजवीकडे दर श्रावणात चार-दोन ओळी, मग एखादी, पण तुटलेल्या नव्हत्या. शेवटची ओळ बाबा जाण्याच्या आदल्या श्रावणातली: "नर एक. सकाळी ६:२०. ठीक आहे." म्हणजे तणमोर येत होता. बाबांनी मला सांगितलं नव्हतं, इतकंच. डाव्या बाजूच्या कोऱ्या जागेचं मला काही कळलं नाही. वाटलं, पूर्वेच्या माळावर जाणं त्यांनी सोडलं असेल.

सकाळी पावणेसहाला मी माळावर पोचले. रात्री शिंतोडे पडून गेले होते. काका धुऱ्यावर, माळाच्या कडेच्या बांधावर, घोंगडं अंथरून बसला होता. मला शेजारी जागा दिली, बोटाने गप्प राहायला सांगितलं आणि स्वतःच बोलायला लागला. हळू आवाजात. वहीत डावीकडचं शेवटचं पाहिलंस का, असं त्याने विचारलं. त्याला वाचता येत नाही, पण बाबा कोणत्या बाजूला काय लिहितात हे ठाऊक होतं. मी हो म्हटलं. त्यानंतर तुम्ही तिकडे जायचं सोडलं का, असंही मी विचारलं.

"आमी दर आइतवारी जात होतो. तो येत नव्हता."

त्याने नाल्यापलीकडे बोट दाखवलं. पूर्वेच्या माळावर सुबाभळीचं रान उजळत होतं. चारशेची किती हजार झाली होती कोण जाणे. आत बकरीही शिरणार नाही इतकी दाट.

"माळढोकाले लांबचं दिसलं पाह्यजे," काका म्हणाला. "कोल्हा कुठं हाय, माणूस कुठं हाय. चार सालात झाडं डोक्याच्या वर गेली. त्यावर कावळे बसले, शिक्रा बसला. याचं एक अंडं, तेही उघड्यावर. कसं राहीन? मास्तरनं मले एक दिवस विचारलं, उकंडा, काहून येत नाई रे आता? मी म्हटलं, मास्तर, तुमचे झाडं पाहा. आठ दिवस बोलला नाई माह्याशी. नवव्या दिवशी कुदळ घेऊन आला."

कुदळ कशाला, मी विचारलं.

"पलीकडचे मोठे झाडं आमच्यानं हलले नाई. पण त्याचं बी नाला ओलांडून इकडं येते. दर पावसाळ्यात रोपं उगवतात. आमी दोघं आइतवारी येऊन उपटत होतो. तेवीस वर्षं, वैजू. म्हणून हा माळ उघडा हाय. म्हणून हा तणमोर हाय."

तेवीस वर्षं दर रविवारी बाबा "जरा फिरून येतो" म्हणून जात. येताना पायजमा गुडघ्यापर्यंत मातीने भरलेला, तळहात सोललेले. आई हयात असताना हळद लावायची आणि विचारायची, फिरायला जाता की लोळायला. ते हसायचे. मला कॉलेजात वाटे, किती झाडांवर जीव आहे या माणसाचा, सुट्टीलाही झाडांजवळ जातो. ती गोष्ट मी मैत्रिणींना सांगत असे.

मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"लाज वाटे. गाव झाडवाला गुरुजी म्हणे. पंधरा ऑगस्टले सत्काराले बोलवत. तो जाये अन् खाली मान घालून बसे. लोक म्हणत, केवढा नम्र माणूस."

काकाचे खांदे हलायला लागले. तो हसतोय हे कळायला मला क्षण लागला, आणि मग मीही हसले, तोंडावर पदर दाबून, कारण आवाज करायचा नव्हता. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते मी पुसलं नाही. माळाकडे कोणीतरी बघत जा. मी बघितलं होतं. तेवीस वर्षं जे त्यांनी उपटलं, ते मी दोनशे खड्डे खणून लावायला निघाले होते. वर त्यांच्या नावाने.

"मले आणखी एक सांग," मी म्हटलं. त्याच्याशी बोलताना माझी भाषा आपोआप गावची होत होती. "तणमोरात मादी मोठी असते म्हणून लिहिलं हाय."

"हो. बायको मोठी अन् तिले गवतातून काही दिसत नाई. म्हणून नवरा दिवसभर उड्या मारते. मी इथं हाव, मी इथं हाव. ढोऱ्याच्या घरी तसंच हाय, त्याची बायको सरपंच झाल्यापासून."

तेवढ्यात त्याने माझं मनगट धरलं.

समोर ऐंशी-नव्वद पावलांवर गवत कमरेएवढं होतं. त्यातून बेडकासारखा कोरडा टर्रर्र आवाज आला आणि एक काळा पक्षी सरळ वर उडाला. उडाला म्हणणं बरोबर नाही. कोणी खालून फेकल्यासारखा तो गवताच्या वर पुरुषभर आला, पांढरे पंख फडफडले, मान मागे गेली, डोक्यामागची पिसं रिबिनीसारखी वळली आणि तो पाय पोटाशी घेऊन होता तिथेच खाली पडला. सगळं मिळून दोन सेकंद. गवत मिटलं. मी श्वास सोडला, तर तो पुन्हा वर.

मी असलं काही पाहिलं नव्हतं. इतका लहान जीव, इतक्या मोठ्या मोकळ्या जागेत, इतका आटापिटा. त्यात काहीही रुबाबदार नव्हतं, थोडं हास्यास्पदच होतं, आणि माझ्या छातीत जे भरून आलं ते साडेचार महिन्यांत पहिल्यांदाच दुःख नव्हतं. आम्ही तासभर बसलो. तो तासभर उडत होता. काका म्हणाला, दिवसाला चारशे-पाचशे उड्या मारतो. मादी असेल कुठेतरी बसलेली. तिला घाई नसते.

तणमोर दिसला होता, शब्द द्यायचा तो मी दिला होता. तरी आठ वाजत आले तशी मी गावाच्या वाटेकडे बघू लागले. कार्यक्रम थांबवायचा म्हणजे गावाला कारण द्यायचं, आणि कारण म्हणजे बाबांची चूक. जी त्यांनी तेवीस वर्षं लपवली ती मी, त्यांच्या वाढदिवशी, त्यांच्या विद्यार्थ्यांसमोर उघडी करायची. मी काकाला विचारलं, काय करू. तो म्हणाला, ते मले नको विचारू, मी मास्तरले शब्द दिलता अन् सकाळीच मोडला. आता तुही पाळी.

ट्रॉली आली. मागे मुलांची रांग, बायका, बँडच्या दोन ढोलवाल्यांना ज्योत्स्नाताईंनी वाटेतच गप्प केलं होतं. ट्रॉलीत रोपांवर आडवा एक लोखंडी फलक होता, निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत बाबांचं नाव. ज्योत्स्नाताईंनी हार काढला आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी फार बोलत नाही. ग्रंथालयातल्या नोकरीत तर गप्प राहण्याचाच पगार मिळतो. मी फलकाकडे पाठ करून उभी राहिले आणि सांगितलं, की गुरुजींनी पलीकडे झाडं लावली, त्या झाडांमुळे इथला माळढोक गेला. माळ हा माळ असावा लागतो, तिथे झाड म्हणजे कावळ्याची माडी. हे गुरुजींना पुढे कळलं होतं. या बाजूला झाड उगवू नये म्हणून ते तेवीस वर्षं रोपं उपटत होते.

"हे त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं नाही," मी म्हणाले. "मी सांगते आहे. इथे झाडं लावू नका."

एक ढोलवाला उगाच काठी चाचपत होता. बाबांच्या पहिल्या तुकडीतले दोघे-तिघे म्हातारे जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, मी त्यांना दुसऱ्यांदा मारलं.

"म्हणजे गुरुजी चुकले होते?" ज्योत्स्नाताईंनी विचारलं.

"हो."

"भूगोलात?"

"भूगोलातच."

ज्योत्स्नाताईंनी हार ट्रॉलीवर ठेवला. "मी पाचवीत पूर्णा नदी उलटी वाहवली होती," त्या म्हणाल्या. "त्याबद्दल अख्खी दिवाळीची सुट्टी माझ्याकडून नकाशे काढून घेतले. पन्नास. अजून झोपेत येतात." आणि त्या हसू लागल्या. मोठ्या अंगाची बाई, हसली की सगळी हसते. म्हाताऱ्यांतला एक जण म्हणाला, मला तर वाळवंटाला रान लिहिलं म्हणून बाकावर उभं केलं होतं. दुसरा म्हणाला, तेवीस वर्षं उपटत होते म्हणजे शिक्षा आपल्यापेक्षा मोठीच घेतली. मग सगळेच बोलू लागले, प्रत्येकाला आपली चूक आणि आपली शिक्षा आठवत होती. बाबांच्या तेराव्याला जे झालं नव्हतं ते तिथे झालं. लोक त्यांच्याविषयी बोलले.

शिपायाने हळूच विचारलं की प्रोसिडिंगमध्ये काय लिहू, छापील मथळा वृक्षारोपणाचा आहे. ज्योत्स्नाताईंनी लगेच सांगितलं.

"लिहा, खड्डे बुजवण्याचा कार्यक्रम उत्साहात पार पडला."

आणि पडला. मुलांनी रोपं बाजूला ठेवून हातांनी, पाट्यांनी, डब्यांच्या झाकणांनी माती लोटली. खड्डे खणणारे मजूरच बुजवायला होते, ते म्हणत होते की असं काम पहिल्यांदा पाहिलं. रोपं मुलांना एकेक वाटली. घरी, परसात, शाळेच्या कुंपणाला, कुठेही लावा, फक्त इकडे नको. फलक कुठे रोवायचा असा प्रश्न आला तेव्हा काका म्हणाला की त्याच्यावरही कावळा बसन. तो ट्रॉलीत घालून परत नेला. पुढे पंचायतीच्या गोठ्याचं दार झाला.

मधल्या सुट्टीत ज्योत्स्नाताईंनी सगळ्यांना धुऱ्यावर बसवलं. सत्तर मुलं गप्प बसणं अशक्य असतं, पण त्या दिवशी बसली. तणमोर उडाला. सत्तर तोंडांतून एकच श्वास गेला. पुन्हा उडाला, तेव्हा मुलं ओठांतल्या ओठांत मोजू लागली. एकवीसनंतर सरपंचांचा हिशेब चुकला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्याच वर्षी जगभरच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत माळढोक 'अतिसंकटग्रस्त' झाला. त्याच्याखाली फक्त नामशेष उरतं. तणमोर तेव्हा एक पायरी वर होता. दहा वर्षांनी तोही त्याच पायरीवर उतरला. बाबांच्या वहीत मी डाव्या रकान्याखाली काही लिहिलेलं नाही, आणि लिहायची वेळ येईल असं खोटं हिवऱ्यात कोणी बोलत नाही. पलीकडची सुबाभूळ पंचायत टप्प्याटप्प्याने काढते आहे. अलीकडचा माळ दर पावसाळ्यात शाळेची मुलं साफ करतात, त्याला ती भूगोलाचा तास म्हणतात. उजव्या रकान्यात गेल्या श्रावणात एक नर. त्याच्या आदल्या वर्षी काही नाही. त्याच्या आदल्या वर्षी दोन. बाबांच्या नावाने त्या माळावर काहीही उभं नाही.

पण मला सांगायचं होतं ते त्या दुपारचं. काम संपवून आम्ही पायवाटेने गावाकडे निघालो. दोन्ही बाजूंना गवत. पुढे मुलं चालली होती, हातात रोपं. त्यातल्या एकाने टर्रर्र केलं आणि उडी मारली. मग दुसऱ्याने. मग सगळी पायवाट उडू लागली. रोपं उंचावत, माना मागे टाकत, पाय पोटाशी घेत. मुलांबरोबर आलेल्या मास्तरीणबाई ओरडल्या नाहीत. ज्योत्स्नाताईंनी इकडेतिकडे पाहिलं, पदर खोचला आणि एक मारली, जमीन हलली. मी सगळ्यांच्या मागे होते. छत्तीस वर्षांची, सुतकातून नुकती उठलेली बाई. मागे वळून पाहिलं, कोणी नव्हतं असं वाटलं. चपला काढल्या आणि उडी मारली.

मागून उकंडाकाकाचा आवाज आला. तो धुऱ्यावर विडी पेटवत उभा होता.

"एवढ्यानं काई होत नाई, वैजू," तो म्हणाला. "गवताच्या वर डोकं त दिसलं पाह्यजे."

मी दुसरी मारली. ती बरीच उंच गेली.